आईच्या रिपोर्टवरचे दहा ‘आर’

हे लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते, कारण आईचं आजारपण असं चारचौघात मांडायचं का हा प्रश्न होता. शेवटी तिलाच विचारलं तर म्हणाली, "लिही की, त्यात काय लपवायचंय, कुणाच्या तरी आईला उपेग हुईल." म्हणून लिहितेय.

आई ६८ वर्षांची, सांगोल्याजवळ गावी भावाकडे असते, शुगर बारा-तेरा वर्षांपासून. मी सोलापुरात. गेल्या जूनमध्ये तिला लघवीला जळजळ सुरू झाली. आमच्याकडे याला उन्हाळी लागणं म्हणतात आणि त्यावरचे उपायही ठरलेले, धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. दोन दिवसांत फरक पडेना म्हणून भाऊ मेडिकलमधून गोळ्या घेऊन आला. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. दुकानातल्या दादांनी सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या कापून दिल्या, सकाळ-संध्याकाळ तीन दिवस. दुसऱ्याच दिवशी जळजळ थांबली, चौथी गोळी घेऊन झाल्यावर आईने उरलेल्या दोन डब्यात ठेवून दिल्या, गरम औषध पडतंय म्हणून. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मलापण नाही, फोनवर मीच म्हणाले होते की बरं वाटतंय ना, मग बास.

ऑगस्टमध्ये परत तेच. या वेळी ऑफ्लॉक्सॅसिन, दुसरं अँटिबायोटिक, पाच दिवसांचं सांगितलेलं, घेतलं तीन दिवस. सप्टेंबरमध्ये तिसऱ्यांदा झालं तेव्हा भाऊ तिला तालुक्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला, त्यांनी साधी लघवीची तपासणी केली, पस सेल्स, म्हणजे पू झाल्याची खूण, भरपूर आल्या, दोन दिवस सेफ्ट्रायक्झोनची इंजेक्शनं दिली आणि परत बरं वाटलं. कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी, करा असं कुणी म्हणालं नाही आणि आम्हाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. डॉक्टरांवर सगळं ढकलायचं नाहीये मला. बाहेर चाळीस माणसं बसलेली, नमुना दुसऱ्या गावाला पाठवायचा, रिपोर्टला तीन दिवस, वर सात-आठशे रुपये, आणि पेशंटला आजच्या आज आराम पाहिजे. पण ही तीन महिन्यांतली तिसरी वेळ होती, तिथे तरी थांबून बघायला हवं होतं की आत नक्की कोण बसलंय, हे माझं आजही मत आहे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रात्री अकराला भावाचा फोन, आईला हुडहुडी भरलीय, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजतायत, ताप १०३, उजव्या कुशीत हात लावू देत नाही आणि मला मामाच्या नावाने हाक मारतीय. मामाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी म्हटलं तशीच गाडीत घाल आणि निघ.

ते दोनच्या सुमारास पोचले, मी हॉस्पिटलच्या दारातच उभी होते. बीपी खाली गेलेलं, शुगर चारशेच्या वर. एक गोष्ट तेव्हा कळली नाही पण आता कळते म्हणून सांगते. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर बाई वयाने लहानच होत्या, त्यांनी अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी सिस्टरना थांबवलं आणि म्हणाल्या आधी कल्चर. दोन्ही हातांतून रक्त काढून छोट्या बाटल्यांत भरलं, लघवीचा नमुना नळी घालून निर्जंतुक डबीत घेतला, डबीवर नाव-वेळ लिहून लगेच वॉर्डबॉयच्या हातात दिली, आणि मग सलाईनमधून औषध सुरू झालं. सगळं मिळून दहा मिनिटं. मला तेव्हा राग आला होता, आई तापाने फणफणलीय आणि ह्यांना तपासण्या सुचतायत. नंतर कळलं की एकदा औषध रक्तात गेलं की बऱ्याचदा नमुन्यातले जंतू वाढत नाहीत, रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ येतं आणि मग पुढचे सगळे दिवस अंधारात दगड मारायचे. त्या दहा मिनिटांवर आईचं पुढचं सगळं अवलंबून होतं.

कल्चरला वेळ का लागतो हेही मला तिथेच समजलं. नमुना जेलीसारख्या पदार्थावर पसरून ३७ डिग्रीला ठेवतात, दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके दिसतात, मग तो जंतू कुठला हे ओळखायचं आणि त्याच्यावर एकेक औषध लावून परत एक दिवस थांबायचं. जंतू वाढायला जो वेळ घेतो तो घेतोच, पैसे जास्त दिले म्हणून लवकर होत नाही.

तोपर्यंत डॉक्टरांनी अंदाजाने पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम सुरू केलं होतं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, ताप उतरायचा आणि चार-पाच तासांनी परत चढायचा. सोनोग्राफीत उजव्या किडनीला सूज, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढून १.४. आई मधूनमधून शुद्धीवर असायची, मग परत तिचं मामाशी बोलणं चालू. भाऊ बाहेरच्या बाकावरून हलायला तयार नव्हता. तो एवढंच म्हणायचा की दर वेळी मी वेळेवर औषध आणून दिलं होतं की गं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. मी कॉमर्सची, मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो कागद बघितला की कुणालाही पोटात खड्डा पडेल असा होता. वर जंतूचं नाव इ. कोलाय, संख्या एका मिलीलिटरमध्ये एक लाखाच्या वर, आणि खाली औषधांची यादी, प्रत्येकापुढे एक अक्षर. अँपिसिलिन आर. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह आर. सेफ्युरोक्झिम, सेफ्ट्रायक्झोन, सेफेपिम, तिन्ही आर. सिप्रो, लिव्हो आर. कोट्रायमोक्साझोल आर. जेंटामायसिन आर. आणि तीन दिवस जे शिरेतून चाललं होतं त्या पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टमपुढेही आर. सोळा औषधांपैकी दहा. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला हा जंतू दाद देत नाही. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध लागू पडतं, ते फक्त पाच ठिकाणी होतं, अमिकासिन, नायट्रोफ्युरॅंटॉइन, फॉस्फोमायसिन, एर्टापेनेम, मेरोपेनेम. सोळावं कोलिस्टिन, त्याच्यापुढे ‘आय’, म्हणजे इंटरमिजिएट, मधलं, होतं, मी घाबरून विचारलं तर डॉक्टर म्हणाले की त्या औषधाला हल्ली लॅबवाले एस लिहितच नाहीत, ते सगळ्यात शेवटचं आणि किडनीला जड, आपल्याला तिथपर्यंत जायचं नाहीये.

खाली एक ओळ होती, ईएसबीएल पॉझिटिव्ह. हा जंतू असं एक एन्झाइम बनवतो जे पेनिसिलिन आणि सेफ वाल्या जवळजवळ सगळ्या औषधांचे तुकडे करून टाकतं. म्हणजे सप्टेंबरमध्ये बरं वाटलं ते कशामुळे आणि किती, देव जाणे. आणि जंतूंची ही करामत एकट्यापुरती राहत नाही, त्यांच्यात डीएनएच्या छोट्या रिंगा असतात, प्लास्मिड म्हणतात, त्या एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. घरातली चावी शेजाऱ्याला करून द्यावी तसं. त्यात इ. कोलाय अनुकूल जागी वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतो. आपण अर्ध्याच गोळ्या खाऊन थांबतो तेव्हा सगळे मरत नाहीत, आणि जे उरतात ते कोण असतात हे मला तो कागद हातात धरल्यावर कळलं.

मग मी एक प्रश्न विचारला जो तुम्हालाही पडेल, की नायट्रोफ्युरॅंटॉइन आणि फॉस्फोमायसिनपुढे एस आहे, त्या तर तोंडाने घ्यायच्या गोष्टी, मग इंजेक्शन कशाला? डॉक्टरांनी शांतपणे बसून सांगितलं. ती औषधं लघवीत उतरतात, मूत्राशयात काम करतात, पण किडनीच्या मांसात आणि रक्तात पुरेशी पोचत नाहीत, आणि आईचं इन्फेक्शन वर किडनीत गेलंय. जूनमध्ये, जळजळ फक्त खाली होती तेव्हा, कल्चर केलं असतं तर कदाचित एवढ्यावर भागलं असतं. अमिकासिन चालेल पण आईच्या किडनीला आणि कानाला धोका. म्हणजे पाचातली तीन अशीच गेली. राहिली पेनेम वाली दोन.

मेरोपेनेम सुरू झालं, दर आठ तासांनी. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उशाशी डुलक्या घेत होते तर आई म्हणाली, "अगं हितं डास किती हायत, तुला चावत न्हाईत व्हय?" मी कपाळाला हात लावला, गार होतं, घामाने ओलं. सिस्टरना बोलवायला गेले आणि कॉरिडॉरमध्येच रडायला आलं.

त्याच दिवशी आणखी एक झालं. मायक्रोबायोलॉजीच्या, म्हणजे जंतू तपासणाऱ्या विभागाच्या, मॅडम वॉर्डात राउंडला आलेल्या, मी त्यांना सहज म्हटलं की हे आर आणि एस तुम्ही ठरवता कसं, तर त्या म्हणाल्या चला दाखवते. खाली लॅबमध्ये त्यांनी झाकण चिकटवलेली प्लास्टिकची बशी उजेडाकडे धरली. पिवळसर जेली, त्यावर शर्टाच्या बटणापेक्षा लहान कागदाच्या पांढऱ्या चकत्या, प्रत्येक चकतीवर वेगळं औषध. बशीभर धुरकट साय आली होती, ती साय म्हणजे आईच्या लघवीतले जंतू. मेरोपेनेमच्या चकतीभोवती साय नव्हती, स्वच्छ गोल, आरपार दिसत होतं. आणि सेफ्ट्रायक्झोनच्या चकतीला ती साय कडेपर्यंत चिकटलेली, विहिरीतल्या दगडाला शेवाळ चिकटतं तशी, जणू त्या कागदावर नुसतं पाणी टाकलंय. सप्टेंबरमध्ये हेच औषध आईच्या दंडात टोचलं होतं. मी तिथून लवकर हललेच नाही. त्या म्हणाल्या की रोज अशा कितीतरी बश्या येतात, आणि काहींवर एकाही चकतीभोवती गोल नसतो.

त्या बश्या कुणाच्या असतील, त्यांच्या दारात कोण बसलं असेल, हे मनातून जात नाही. तेव्हापासून मी याबद्दल जे मिळेल ते वाचते. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात २०२२ साली छापून आला. मेरोपेनेमसारख्या औषधांनाही मोडून टाकणारं एनडीएम-१ नावाचं एन्झाइम २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका पेशंटमध्ये सापडलं, तो आधी दिल्लीत ॲडमिट होता, म्हणून नावात न्यू दिल्ली. आपल्याकडे त्या नावावरूनच जास्त वाद झाला. आणि फ्लेमिंग, ज्याने पेनिसिलिन शोधलं, त्याने १९४५ मध्ये नोबेल घेतानाच सांगून ठेवलं होतं की कमी डोस घेतला तर जंतू सरावतील.

सहाव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला पण औषध संपलं नव्हतं. एकूण दहा दिवस पूर्ण करायचे होते म्हणून डॉक्टरांनी एर्टापेनेमवर आणलं, ते दिवसातून एकदाच द्यावं लागतं. आईला माझ्याकडेच ठेवलं. रोज सकाळी दहाला रिक्षाने डे-केअरला जायचं, अर्धा तास सलाईन, परत यायचं. एका वायलची छापील किंमत दोन हजारांच्या वर, आणि जूनमधल्या त्या सहा गोळ्या शंभर रुपयांच्या आतच होत्या. आईच्या शिरा आधीच बारीक, त्यात ॲडमिट असताना दोन्ही हात टोचून निळे झालेले, तिसऱ्या दिवशी सुई लागेना. सिस्टर ताईंनी गरम पाण्याचा रुमाल हातावर ठेवला, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा मनगटाजवळ मिळाली. आई तोंडातून आवाज काढत नव्हती, फक्त माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसली होती. चौथ्या दिवशी शेवटचं सलाईन संपलं, सिस्टर सुई काढून कापूस दाबत होत्या तर आईने त्यांना पेढा दिला, डबा घरूनच पिशवीत लपवून आणला होता.

भावाचं एक सांगायचं राहिलं. त्याची डाळिंबाची बाग आहे. तेल्या रोगाने त्या भागातल्या कितीतरी बागा गेल्या, तो रोगही जंतूंचाच, आणि त्यावर तो स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी पाण्यात मिसळून फवारतो. हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्याने मला विचारलं, "ताई, हे अँटिबायोटिक म्हणजे आपल्या स्ट्रेप्टोसायक्लिनसारखंच का?" मी मोबाइलवर बघितलं. पुडीत ९ भाग स्ट्रेप्टोमायसिन, १ भाग टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे टीबीवर पहिल्यांदा लागू पडलेलं अँटिबायोटिक. तो गप्पच झाला. डॉक्टर म्हणाले की आईचा जंतू बागेतून आला असं काही म्हणता येणार नाही, त्या औषधांचा इथे संबंध नाही, पण माती-पाण्यातले जंतूही औषधाला सरावतात आणि ते आपल्यापासून लांब नसतात. या बहाराला त्याने फवारण्या कमी केल्यात, रोगट फांद्या छाटून जाळतो, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण वापरतो. पूर्ण बंद केलं नाही. बाग गेली तर कर्ज कोण फेडणार, त्याला नुसतं बंद कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दिवाळीनंतर आईला गावी सोडायला गेले तेव्हा फडताळातला बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत सात अर्धवट स्ट्रिपा. काहींचं नाव कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेलं, काहींची तारीख. उजेडात धरून पाहिल्या तर पाठीमागे उभी लाल रेघ. ही रेघ असेल ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, सरकारने २०१६ मध्ये याची मोहीमही केली होती, आणि मी इतकी वर्षं ती रेघ डिझाइन समजत होते. सगळ्या स्ट्रिपा पिशवीत भरून आणल्या आणि हॉस्पिटलच्या औषध विभागात दिल्या, त्यांनी दवाखान्याच्या कचऱ्याच्या वेगळ्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका, तिथून ते पाण्यातच जातं.

मेडिकलच्या दादांशीही बोलले, भांडायला नव्हते गेले. सेफिक्झिम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीत, येतं, १ मार्च २०१४ पासून हा नियम आहे, विकताना डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरला लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. ते त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "ताई, मी न्हाई दिलं तर पुढच्या दुकानातनं नेत्यात. आन डॉक्टरकडं जा म्हणलं तर बाई म्हणती आजची मजुरी बुडती." माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. लोकांना जवळच्या आरोग्य केंद्रात फुकट कल्चर मिळालं पाहिजे, निदान नमुना तिथून पुढे जायची सोय पाहिजे, एवढंच मला सारखं वाटतं. नाहीतर नियम पाळायचा भार सगळा त्या मजुरीवाल्या बाईवर.

डॉक्टरांनी आईसाठी पुढचं सांगितलं ते साधं आहे, शुगर ताब्यात ठेवा, पाणी, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, आणि पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणासाठी एक हार्मोनचं क्रीम, त्याने परत परत होणं कमी होतं. हे शेवटचं आईला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही लाजून कधी विचारलं नसतं. मी विचारलं की जंतू गेला का बघायला परत कल्चर करू का, तर स्पष्ट नाही म्हणाले. त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तरी या वयात औषध द्यायचं नसतं, उगाच आणखी सरावतात, आणि हा जंतू तिच्या आतड्यात कित्येक महिने राहू शकतो.

फेब्रुवारीत आईचा फोन, परत उन्हाळी लागल्यासारखं वाटतंय. माझे हातपाय गार पडले. ताप नाही, कुशीत दुखत नाही, बोलणं नीट. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले नमुना द्या आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबा, थंडी-ताप आला तर मात्र त्याच क्षणी घेऊन या. भाऊ सकाळची पहिली धार सोडून मधली घेतलेली डबी बर्फाच्या थर्मासात ठेवून स्वतः गाडीने सोलापूरला लॅबमध्ये देऊन गेला. आणि मग तीन दिवस. काहीही न देता थांबणं किती अवघड असतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. तो दर चार तासांनी तिचा ताप बघून मला मेसेज टाकायचा, ९८.२, ९८.६, ९८.४. वहिनी रात्री उठून तिच्या खोलीत डोकावायची. शेजारच्या काकू दोनदा म्हणाल्या अगं एक गोळी द्या की, जीव कशाला टांगणीला लावताय, आणि आईच त्यांना म्हणाली, न्हाई, आधी कागद येऊ दे.

कागद आला. तोच इ. कोलाय, तोच ईएसबीएल, पण या वेळी खालीच होता आणि फॉस्फोमायसिनपुढे एस. तीन ग्रॅमची एक पुडी, एकच डोस. रात्री झोपताना लघवीला जाऊन आल्यावर भावाने ती अर्धा ग्लास पाण्यात ढवळून तिच्या हातात दिली, मी व्हिडिओ कॉलवर. संत्र्याचा वास येतोय म्हणाली. ग्लास रिकामा करून तिने तळाशी राहिलेलं थोडं पाणी घालून परत खळबळून प्यायलं, जसं ती दुधाचा पेला पिते, आणि विचारलं, "उद्या किती वाजता घ्यायची?"

"उद्या नाही," भाऊ म्हणाला, "संपली."